आमची भिशी बिअरच्या नळावर

या महिन्याची भिशी माझ्याकडे होती. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या आम्ही पाच-सहा म्हाताऱ्या दर महिन्याला कुणा एकीच्या घरी जमतो. चिठ्ठी काढणं हे निमित्त, खरं काम खाण्याचं आणि दुसऱ्यांच्या सुनांबद्दल बोलण्याचं. चैत्र चालू होता, म्हणजे माझ्याकडून आंबेडाळ आणि पन्हं हवं होतं सगळ्यांना. मी ग्रुपवर फोन लावला आणि म्हटलं, "या वेळी घरी नको, बाहेर जाऊ."

शांताबाई म्हणाल्या, "सारसबाग?"

"नाही हो. बिअर प्यायला."

शांताबाईंनी दोनदा "हॅलो, हॅलो" केलं. मला वाटलं फोन कट झाला. मग विमल बोलली. ही माझ्या शेजारच्या दारातली, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, आणि अजून बोलते ती खिडकी बंद करायला निघाल्यासारखीच. ती म्हणाली, "निघायचं किती वाजता ते सांगा. पिण्याचं मग बघू."

आता हे कसं सुचलं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी बिघडली. माझी नात सई, माझ्या मुलाची, सुनीलची मुलगी, बिअर बनवते. विकत नाही, बनवते. सूक्ष्मजीवांचं काहीतरी शिकली आणि मग नगर रस्त्याच्या बाजूला एक मोठी जागा आहे, तिथे स्वतःच बिअर बनवतात आणि स्वतःच नळाने ग्लासात सोडतात, तिथे लागली. इतके दिवस दुसऱ्यांच्या पद्धतीने बनवायची, टाक्या धुवायची. आता पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या हातची बिअर नळाला लागली होती. जर्मन पद्धतीची, हलकी, सोनेरी.

पण मालकाने अट घातली होती. शुक्रवार, शनिवार, रविवार बघायचं. लोकांनी घेतली तर नळ तिचा. नाही घेतली तर सोमवारपासून त्या नळाला आंब्याची बिअर, सीझन आहे म्हणून. आणि इकडे सुनीलने दुसरी अट घातलेली. नळ मिळाला नाही तर सईने हा उद्योग सोडायचा आणि नाशिकला त्याच्या मित्राच्या, प्रभाकरच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायला जायचं. पोरगी कंटाळून हो म्हणून बसली होती. शनिवारी संध्याकाळी मला तिचा फोन आला. "आज्जी, लोक एकच ग्लास घेतात आणि बास म्हणतात. उद्याचा दिवस राहिलाय फक्त." आवाज अगदी बारीक.

मी तेव्हाच ठरवलं, आपण जायचं. आपली भिशी म्हणजे काही थोडकी गर्दी नाही.

सुनीलला मी रविवारी सकाळी सांगितलं, "भिशीला चाललेय." यात खोटं काय आहे? त्याने पेपरातून मान वर न काढता विचारलं, "कुणाकडे?" मी म्हटलं, "माझ्याकडेच आहे, पण बाहेर." त्याने पान उलटलं. आमच्या घरात चौकशी संपली की पान उलटतात.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगते. वनाजहून मेट्रो धरायची आणि थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत, रामवाडीला जायचं. मध्ये बदलायची भानगड नाही. वनाज म्हणजे सुरुवातच, त्यामुळे बसायला जागा हमखास. रविवारी तिकीटही थोडं कमी पडतं. सरकता जिना शांताबाईंना जमत नाही, पण लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये "ज्येष्ठांसाठी" लिहिलंय आणि आत चार कॉलेजची पोरं. विमलने नुसतं त्या पाटीकडे बघितलं, मग पोरांकडे बघितलं, आणि म्हणाली, "वयाच्या मानाने छान राखलंय तुम्ही स्वतःला." चौघं जिन्याने गेले.

मेट्रोतून पुणं बघितलं नसेल तर अवश्य बघा. खालून आपण ज्या नळ स्टॉपच्या चौकाला शिव्या घालतो तो वरून किती बिचारा दिसतो. लोकांच्या गच्च्या दिसतात. कुणी कुरडया घातल्यात, कुणी पापड, आणि एका गच्चीवर एक गृहस्थ बनियनवर खुर्ची टाकून कावळे हाकलत बसलेले, बायकोने नेमणूक केलेली दिसत होती. डेक्कनच्या पुढे नदी लागते. खडकवासल्यातून पाणी सोडलं की बघण्यासारखी असते म्हणतात. आत्ता उन्हाळ्यात नदीने तोंड लपवलेलं होतं. पुढे येरवडा आलं तेव्हा शांताबाईंनी पर्स पोटाशी धरली. मी म्हटलं, "अहो, तुरुंग खाली आहे, आपण वर आहोत." नंतर कळलं की त्या पर्समध्ये आंबेडाळीचा डबा होता. चैत्रात आंबेडाळीशिवाय भिशी करणं त्यांच्या जिवावर आलं होतं. बिअर चालत होती, आंबेडाळ नाही हे चालत नव्हतं.

रामवाडीला उतरून रिक्षा. दोन रिक्षा कराव्या लागल्या. रिक्षावाला मीटरने यायला तयार झाला हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुमचा विश्वास बसणार नाही. मात्र पत्ता सांगितल्यावर त्याने आरशातून आमच्याकडे नीट पाहिलं. "मावशी, तिथे देऊळ नाहीये."

"माहितीये," विमल म्हणाली. "असतं तर आलो नसतो."

दारात एक आडदांड माणूस उभा. आत सोडण्याआधी वयाचा पुरावा बघतात, कारण लहान मुलांना देत नाहीत. माझ्या पुढे दोन तरुण मुली होत्या, त्यांचं कार्ड बघितलं. माझ्यापाशी आला आणि हसून "जा आजी" म्हणाला. मी म्हटलं, "असं कसं? नियम तो नियम. माझंही बघा." त्याने बिचाऱ्याने आधार कार्ड घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "बसतंय वयात." इतका आनंद मला लग्नाच्या वेळी पसंती आली तेव्हाही झाला नव्हता.

आत दोन भाग आहेत. एक थंडगार हॉल, तिथे गाणी इतक्या जोरात की समोरचीने आपल्याला नावं ठेवली तरी कळायचं नाही. आणि एक बाहेरचं अंगण, मोठ्या झाडाखाली टेबलं. झाड ते रस्त्याकडेला असतं ना, गुलाबी तुऱ्यांची फुलं येतात, तसं. फुलांनी नुसतं लगडलेलं. सगळी गर्दी अंगणातच होती. आम्हीही झाडाखाली बसलो. टेबलावर इंग्रजीत लिहिलेलं एक कार्ड उभं केलं होतं, मुंगीएवढी अक्षरं. विमलला इंग्रजी येतं, पण चष्मा घरी राहिला होता. मला चष्मा होता, पण मी चौथी पास. दोघींनी मिळून ते कार्ड आडवं केलं आणि त्यावर डबा ठेवला.

अंगणाच्या एका बाजूला काचेची भिंत आणि आत चकचकीत स्टीलच्या टाक्या, आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपेक्षा स्वच्छ. त्यांच्यामध्ये माझी सई, पायात गमबूट, डोक्याला रुमाल. मला बघून तिने आधी डोळे विस्फारले, मग पाठीमागची सगळी भिशी बघून कपाळाला हात लावला. बाहेर मात्र आली नाही. या तीन दिवसांत बनवणाऱ्याने टेबलापाशी जायचं नाही, असं मालकाने सांगितलं होतं. नाहीतर लोक तोंडदेखलं बोलतात. माणूस हुशार, हे मी कबूल करते.

मग शिंदे आले. हे तिथले वेटर, पन्नाशीचे, परभणीकडचे, भरदार मिशा. त्यांच्या हातात काय होतं सांगू? पूर्वी दुकानांतून चहा पोचवायला तारेचं स्टँड असायचं, खाचाखाचांत ग्लास बसवलेले. अगदी तसंच, फक्त गोल आणि लाकडी. आणि त्यात उंच, सरळ, बारीक ग्लास, वीतभर. प्रत्येकीपुढे आधी जाड पुठ्ठ्याची एक गोल चकती ठेवली, मग त्या चकतीवर ग्लास.

"एवढुसाच?" विमल म्हणाली. "चरणामृत आहे का?"

"आज्जी, त्या जर्मनीच्या गावात असाच देत्यात," शिंदे म्हणाले. "गार हाये तवर संपला पायजे म्हणून लहान. संपला की दुसरा."

ते गाव कोलोन. सईने मला मागे सांगितलं होतं. या बिअरचं खरं नाव दुसरं आहे, पण त्या गावाबाहेर बनवलेल्या बिअरला ते नाव लावायचं नाही, असा तिथल्या लोकांचा कडक नियम. म्हणून इथे पाटीवर नुसतं "जर्मन पद्धतीची सोनेरी" लिहिलंय. त्या गावची माणसं मूळची सदाशिव पेठेतली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता चवीचं सांगते, कारण तुम्ही त्यासाठीच इथवर वाचलंत. रंग कढवून नितळ झालेल्या तुपाचा. पलीकडच्या शांताबाई ग्लासातून दिसत होत्या, जरा बारीकही दिसत होत्या. वर पांढरा फेस, म्हशीची धार काढताना कासंडीत येतो तसा. मी लहानपणी सासवडच्या बाजूच्या आमच्या गावात तो बोटाने चाटायचे, म्हणून इथेही आधी बोट घातलं. मग घोट घेतला. पहिल्यांदा कळतं ते नुसतं गार. मग खळ्यावर उन्हात पडलेल्या धान्याचा वास येतो, अगदी ओळखीचा. किंचित सफरचंदाच्या सालीसारखं काहीतरी. आणि गिळून झाल्यावर मागे कोवळ्या मेथीच्या पानाइतका कडवटपणा, पाहुण्याने जाता जाता दारात एक टोमणा मारावा एवढाच. मला वाटलं होतं घसा जळेल, डोकं गरगरेल. तसलं काही नाही. बिअर उगाच बदनाम आहे, की मीच निर्ढावलेली आहे, कोण जाणे.

"कसं आहे?" मी विचारलं.

शांताबाईंनी डोळे मिटले होते. "मला वाटलं औषधासारखं असेल. हे तर बरं आहे की हो." एवढं म्हणतात तोच वरून एक गुलाबी तुरा आला आणि बरोब्बर त्यांच्या ग्लासात पडला.

झालं. आम्ही सगळ्या एकदम हललो. उघडं काही ठेवायचं नाही, हे आमच्या हाडात मुरलंय. दूध असो, पाणी असो, आमटी असो, त्यावर ताटली हवी. हाताशी त्या चकत्या होत्याच. इतक्या मापाची झाकणं पुरवल्याबद्दल मी मनातल्या मनात मालकाचं कौतुक केलं. घोट घेतला की झाकण, घोट घेतला की झाकण. आंबेडाळीचा डबा टेबलाखालून फिरत होता. बाहेरचं खायला आणू नये अशी तिथे पाटी आहे, पण ती इंग्रजीत आहे. आणि खरं सांगते, त्या बिअरबरोबर आंबेडाळ जी लागते! कैरीचा आंबटपणा, हिरवी मिरची आणि वरून तो गार घोट. जर्मन लोकांना कुणीतरी कळवायला हवं.

ग्लास संपले. रिकाम्या ग्लासांतही तुरे पडायला नकोत म्हणून झाकणं तशीच ठेवली. आता दुसरा येईल म्हणून बसलो. शिंदे आले, आमच्या टेबलाकडे बघितलं, मान लववली आणि पुढे गेले. परत आले, परत पुढे गेले. मी हात केला, तर त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

"संपला की दुसरा म्हणाला होता," शांताबाई म्हणाल्या.

"जर्मनीहून येत असेल," विमल म्हणाली.

मी काचेकडे बघितलं. सई उभी होती. आमच्या टेबलाकडे बघत होती. त्या झाकलेल्या ग्लासांकडे. आणि तिचा चेहरा लहानपणी वर्गात सगळ्यांना खाऊ वाटून झाल्यावर कुणीच खाल्लेला दिसला नाही की व्हायचा तसा झाला होता. मग ती वळली आणि टाक्यांच्या मागे गेली.

मी उठले. तोंड धुवायला जाते असं सांगितलं आणि सरळ काचेचं दार ढकलून आत गेले. कुणी अडवलं नाही. पदर खोचून चाललेल्या म्हातारीला सहसा कुणी अडवत नाही. आत गारठा, आंबवलेल्या पिठाचा वास. सई एका पिंपावर बसून गमबूट काढत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. तू खोटं बोलू नकोस हं आज्जी. आवडली नाही ना? नाही आवडली तर नाही आवडली. निदान तुझ्या मैत्रिणी एकेक तरी आणखी घेतील असं वाटलं होतं मला."

"आवडली नाही असं कोण म्हणालं?"

"सगळ्यांनी झाकून ठेवलंय की!"

"झाकून ठेवू नको तर काय करू? वरून फुलं पडतायत ग्लासात!"

ती एक गमबूट हातात घेऊन तशीच बसली. मग तिने मला सांगितलं. त्या कोलोन गावात अशी रीत आहे की ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा आणून ठेवतो. आणत राहतो, आणत राहतो. ज्याला पुरे झालं त्याने ती पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवायची. म्हणजे बास, आता विचारूसुद्धा नका. मालकाला ती रीत फार आवडली होती. टेबलावरच्या कार्डावर हेच लिहिलं होतं, ज्यावर आमचा डबा होता. आणि शिंद्यांना ताकीद होती, चकती दिसली की त्या टेबलाकडे फिरकायचं नाही, आग्रह अजिबात करायचा नाही.

मी तिला हाताला धरून काचेपाशी नेलं. "बघ."

अंगणातलं एकेक टेबल बघ म्हटलं. आयटीतली पोरं, चकती ग्लासावर. एक नवं लग्न झालेलं जोडपं, दोघांच्या ग्लासांवर चकत्या. कुणी आजोबा आपल्या जावयाबरोबर, त्यांनी तर चकतीवर मोबाइल ठेवून वजनही दिलं होतं. कोपऱ्यात एक मुलगी नुकताच आलेला भरलेला ग्लास झाकत होती, अजून ओठालाही लावला नव्हता.

"शुक्रवारीही असंच?" मी विचारलं.

"शुक्रवारीही. शनिवारीही," सई म्हणाली. "मला वाटलं..." आणि ती हसायला लागली, आणि मग रडायला लागली, आणि दोन्ही एकदम जमत नाही म्हणून खोकायला लागली.

मालकाला बोलावलं. चाळिशीचा माणूस, टोपी उलटी घातलेली, बोलायला सभ्य. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, तुमची नात आहे. तुम्ही तिच्या बाजूनेच बोलणार. लोक इतके काही साधे नसतात. कार्ड वाचतात."

"पुण्यातले लोक पाटी लावतात," मी म्हटलं. "वाचतात कुठे? चला माझ्याबरोबर."

त्याला घेऊन मी त्या आयटीच्या पोरांपाशी गेले. मालकाने विचारलं, "काय, आवडली नाही का?"

"आवडली की! एकदम स्मूद आहे," त्यातला दाढीवाला म्हणाला. "पण दुसरी देतच नाहीत ना यार तुमचे लोक. दोनदा हात केला. म्हटलं संपली असेल, मग आम्ही आत जाऊन ती कॉफीवाली बिअर आणली."

"मग हे झाकलंय कशाला?"

दाढीवाल्याने वर झाडाकडे बघितलं, मग मालकाकडे बघितलं. "अंकल, फुलं पडतात."

अंकल म्हटल्याचं मालकाला जास्त लागलं की फुलांचं, ते कळलं नाही. टोपी मात्र त्याने सरळ केली. तो आणखी दोन टेबलांवर गेला. आजोबा म्हणाले, "मला वाटलं तुमच्याकडे माणशी एकच देतात. पुण्यात काय सांगता येतं?"

मालक परत आला. मग म्हणाला, "ठीक आहे. पण बंद होईपर्यंतच वेळ आहे, आजी. दोन दिवसांचे आकडे माझ्यासमोर आहेत. आज भरून निघालं तर बघू. वचन नाही देत."

"मग त्या जर्मन रीतीला आज सुट्टी द्या," मी म्हटलं. "आमच्याकडे पंगतीत वाढप्या विचारत येतो. नको असेल तर माणूस पानावर हात आडवा धरतो. तेवढं जगात सगळ्यांना कळतं. झाकण ज्याचं त्याला राहू दे. शिंदे, तुम्ही पंगतीत वाढलंय ना कधी?"

शिंद्यांच्या मिशा हलल्या. "आज्जी, गावाकडं शंभर लग्नांत वाढलंय. बुंदी माझ्याकडंच असायची."

आणि मग त्या माणसाने जे केलं ते बघायला तरी तुम्ही तिथे जा. तीन दिवस तोंड दाबून ठेवलेला वाढप्या सुटला. ते गोल स्टँड कमरेशी धरून टेबलामागून टेबलाला, "घ्या साहेब, अर्धा तरी घ्या! वहिनी, लाजायचं नाय! पाव्हणं, जावईबापूंना वाढा की!" लोक आधी दचकले. मग त्यांना गंमत वाटली. कुणी हात आडवा धरला की शिंदे म्हणायचे, "हाताच्या फटीतनं सोडू का?" जावईबापूंनी "आता बास" म्हटलं तर सासरेच ओरडले, "अहो घ्या, तुम्ही काय रोज येताय?" कॉफीवाली बाजूला सारून दाढीवाल्याने पुन्हा सोनेरी मागवली. काचेमागे सई नळाकडे धावत होती, एक पाय गमबुटात, एक चपलेत.

आमच्या टेबलावरही आग्रह झाला. मी तीन ग्लासांवर थांबले. तुम्हीही आपलं माप ओळखून थांबा, आणि गाडी चालवत अजिबात जाऊ नका, मेट्रो त्याचसाठी आहे. शांताबाई दोनावर थांबल्या. विमलचे किती झाले ते मी लिहिणार नाही, ती हे वाचते. निघताना तिने शिंद्यांना सांगितलं, "सेवा ठीक आहे. सुधारणेला वाव आहे." कचेरीत इतका चांगला शेरा तिने कुणाला दिला नसेल.

ऊन उतरता उतरता आम्ही निघालो. सईला भेटायचं होतं, पण ती नळापासून हलायला तयार नव्हती. काचेतूनच तिने हात केला. काय होणार ते तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. परतीच्या मेट्रोत सगळ्या खुशीत होत्या, माझं लक्ष मात्र सईकडे. नाशिकला ती पोरगी पांढरा कोट घालून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली आहे असं चित्र डोळ्यांसमोर येत होतं. प्रामाणिक काम आहे ते, मी नावं ठेवत नाही. पण ज्या हाताला आंबवायचं कळतं, मुरवायचं कळतं, तो हात तिथे काय करणार?

घरी आले. सुनील म्हणाला, "झाली भिशी?" मी म्हटलं, "झाली." त्याने नाक किंचित वर केलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "पन्हं चांगलं झालेलं दिसतंय." मी देवापाशी दिवा लावायला गेले. थोडं लांबूनच लावला.

आता मागे वळून बघताना काय राहिलं म्हणाल, तर चव आहे अजून जिभेवर, पण खरं सांगायचं तर मला चहाच जास्त आवडतो. उन्हाळ्यात पुन्हा एकदा घेईन, आंबेडाळीबरोबर. राहिलं ते वेगळंच. पोरीने कितीतरी आठवडे गारव्यात जपून मुरवलेली वस्तू लोकांना आवडली होती, पहिल्या दिवसापासून आवडली होती. फक्त तिला ते कुणी सांगत नव्हतं. आपल्या लोकांना आवडलं की ते जपून झाकून ठेवतात, आणि समोरच्याला वाटतं नको झालं. मला सगळी रात्र तेच येत होतं मनात.

सोमवारी सकाळी सईचा फोन आला, तोही सुनीलच्या फोनवर. मी स्वयंपाकघरातून कान दिले. तो फक्त "हं", "हं", "बरं" म्हणत होता. मग म्हणाला, "आंब्याची दुसऱ्या नळाला लावणार? मग बरंय." आणि फोन ठेवला. मी दाराच्या चौकटीपाशी आले, पोळी तव्यावर तशीच. तिचा नळ राहिला होता.

मग त्याने प्रभाकरला नाशिकला फोन लावला. सई येणार नाही हे सांगायला हवं होतं. आता माझ्या मुलाने आजवर घरात बिअर हा शब्द काढलेला मी ऐकला नाही. तो म्हणाला, "अरे, ती नाही येऊ शकत. नाही, लग्न नाही ठरलं. तिची... तिची बिअर चालली." पलीकडून प्रभाकर बराच वेळ काहीतरी बोलत होता. मग सुनील म्हणाला, "हो, हो, ये ना पुण्याला आलास की. रामवाडीला उतर. बाहेरच बस, आत फार आवाज असतो. आणि शेंगदाणे मागवू नकोस, खारट असतात."

मी पोळी उलटायची विसरले. आम्ही काल शेंगदाणे मागवले नव्हते.

त्याने फोन ठेवला, पेपर उचलला. मी तिथेच उभी.

"काय बघतेस, आई?"

"काही नाही. खारट म्हणजे किती रे?"

"बऱ्यापैकी."

"मग वर पाणी प्यायलास की..."

सुनीलने पान उलटलं.